मलमाच्या नळीआधी कानात डोकावणे आवश्यक
कोलकात्याच्या दमट हवेत पाळीव प्राण्यांच्या त्वचा व कानांच्या विकारांवर बाह्य औषधे कशी वापरावीत?

कोलकाता – जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येथे दाखल होणारा मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मुक्काम ठोकून असतो. या चार महिन्यांत हवेतील आर्द्रता बहुतेक वेळा ऐंशी टक्क्यांच्या वर असते, भिंतींना ओल येते, कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. हीच ओल लांब केसांच्या कुत्र्याच्या अंगावर आणि लोंबत्या कानांच्या आतही साचते. मग कुत्रा सतत मान झटकू लागतो, पंजाने कान ओरबाडतो, कानाला आंबूस दर्प येतो आणि पोटावर किंवा बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उमटतात.

अशा वेळी बहुतेक घरांत पहिला उपाय योजला जातो तो औषधांच्या डब्यातील एखाद्या मलमाचा. घरातील कोणाला तरी पूर्वी खाज सुटली असताना आणलेली ती अर्धी नळी असते किंवा मागच्या पावसाळ्यात कुत्र्यासाठीच आणलेली व उरलेली कानाच्या थेंबांची कुपी असते. दोन दिवस आराम पडल्यासारखा वाटतो. तिसऱ्या आठवड्यात तोच विकार अधिक जोमाने परततो आणि तेव्हा त्यावर उपचार करणे पहिल्यापेक्षा कठीण झालेले असते.

बाहेरून लावायचे औषध निरुपद्रवी असते, ही समजूत या साऱ्याच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात एका चुकीच्या मलमामुळे मांजराचा जीव जाऊ शकतो आणि कानाचा पडदा फाटला आहे की नाही हे न पाहता घातलेल्या थेंबांमुळे कुत्र्याची श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते.

जुनी परंपरा असलेले शहर

प्राण्यांच्या आरोग्याचा विचार कोलकात्याला नवा नाही. प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारी संस्था या शहरात १८६१ साली स्थापन झाली. तिचे प्रवर्तक चित्रकार कोल्सवर्दी ग्रँट यांचा स्मृतिस्तंभ पूर्वीच्या डलहौसी चौकात, रायटर्स बिल्डिंगच्या परिसरात उभा आहे. बेलगाछिया भागात १८९३ साली बंगाल पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय त्यापूर्वी सातच वर्षे, म्हणजे १८८६ साली सुरू झाले होते. १९९५ साली स्थापन झालेल्या पश्चिम बंगाल पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा परिसरही बेलगाछियातच आहे.

या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा पशुवैद्यकाचा मुख्य रुग्ण गाडीचा घोडा आणि ओझ्याचा बैल होता. आज शहरातील सदनिकांमध्ये लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, स्पिट्झ, पग आणि असंख्य मांजरे राहतात. यांपैकी काही जाती थंड प्रदेशांतून आलेल्या आहेत. त्यांचा दाट केसाळ कोट गंगेच्या मुखाजवळच्या दमट हवेसाठी घडलेला नाही. मुंबई, कोकण आणि गोव्यातील हवामानही असेच असल्याने तेथील प्राणिपालकांनाही हाच अनुभव येतो.

कानाची रचनाच वेगळी

माणसाच्या कानाची नलिका आखूड आणि जवळपास सरळ असते. कुत्र्याची नलिका आधी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून आत डोक्याच्या दिशेने जाते. तिचा आकार इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा असतो. त्यामुळे आत शिरलेले पाणी, मळ किंवा गवताचे कुसळ सहजासहजी बाहेर येत नाही. वरून लोंबता कान असेल तर हवा खेळत नाही आणि आतील उब व ओल टिकून राहते.

निरोगी कुत्र्याच्या कानात आणि त्वचेवरही थोडे जिवाणू आणि ‘मॅलॅसेझिया’ नावाची सूक्ष्म बुरशी वस्तीला असतातच. कुत्र्यांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या या बुरशीची मूळ नोंद १९२५ साली एका भारतीय गेंड्याच्या त्वचेवरून झाली होती. तिच्या शास्त्रीय नावातील ‘पॅकिडर्मॅटिस’ हा जाड कातडीच्या प्राण्याचा निर्देश त्यातूनच आला. एरवी ही बुरशी त्रास देत नाही. ओल वाढली, त्वचेला सूज आली की मात्र तिची संख्या झपाट्याने वाढते आणि तपकिरी, मेणचट स्राव व उग्र दर्प ही लक्षणे दिसू लागतात.

तथापि, बुरशी किंवा जिवाणू हे बहुतेक वेळा दुय्यम कारण असते, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. मूळ कारण धूळ, परागकण किंवा अन्नातील एखाद्या घटकाची ॲलर्जी, कानातील माइट हे सूक्ष्म परजीवी, नलिकेत अडकलेली वस्तू किंवा थायरॉइडसारख्या ग्रंथीचा विकार असू शकते. थेंबांनी दुय्यम संसर्ग जातो, मूळ कारण तसेच राहते. दर पावसाळ्यात त्याच कुत्र्याचा तोच कान बिघडण्याचे हे प्रमुख कारण आहे.

एका नळीत तीन औषधे

भारतात खाजेवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक मलमांमध्ये एकाच वेळी जिवाणूंविरुद्धचे प्रतिजैविक, बुरशीविरोधी औषध आणि एक तीव्र स्टिरॉइड असते. काहींत घटकांची संख्या याहूनही अधिक असते. कारण कोणतेही असले तरी एखादा घटक लागू पडेल, असा त्यामागील हिशेब असतो. आराम तत्काळ पडतो तो मुख्यतः स्टिरॉइडमुळे, कारण ते सूज व खाज दाबते. मात्र त्याच वेळी ते त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्तीही दाबते.

याचा परिणाम आजारानुसार बदलतो. चट्टा ॲलर्जीचा असेल तर काही काळ लाभ होतो. तो नायट्याचा असेल तर त्याच्या कडा अस्पष्ट होतात, ओळखणे अवघड होते आणि बुरशी आत पसरत राहते. कुत्र्याला माइटमुळे लूत लागली असेल तर खाज थोडी कमी होते, पण परजीवी मरत नाहीत, उलट त्यांना मोकळे रान मिळते. दीर्घकाळ वापर झाल्यास त्वचा पातळ होते, केस उगवणे थांबते. औषध शरीरात शोषले जाऊन तहान व भूक वाढणे, पोट सुटणे अशी लक्षणेही दिसू शकतात.

माणसांच्या बाबतीत या देशाने हा अनुभव घेतला आहे. स्टिरॉइडयुक्त मलमांच्या अनिर्बंध वापरामुळे नायटा हट्टी बनत असल्याचा इशारा भारतातील त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक वर्षे दिला. अखेर २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडांना चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या ‘एच’ परिशिष्टात आणले. तरीही घरात पडून असलेल्या नळीला चिठ्ठी लागत नाही आणि ती प्राण्याला लावली जाते तेव्हा कोणत्याही डॉक्टरची नजर त्यावर नसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पशुवैद्यकांनी दिलेल्या कानाच्या थेंबांमध्येही अनेकदा हेच तीन प्रकारचे घटक असतात. कान तपासून, कोणता संसर्ग आहे हे पाहून, किती दिवस आणि किती थेंब हे ठरवून ते दिलेले असतात, हा दोन्हींतील फरक आहे.

पाच मिनिटांची तपासणी

ही तपासणी फारशी खर्चिक वा वेळखाऊ नाही. कानातील स्राव कापसाच्या काडीवर घेऊन काचपट्टीवर फिरवला जातो, रंगद्रव्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. मॅलॅसेझिया भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये आवळलेली दिसते, जिवाणू गोल आहेत की दंडाकार हे कळते. तेलाच्या थेंबात ठेवलेल्या काळपट चुऱ्यात माइट हलताना दिसतात. त्वचेच्या विकारात चट्टा हलकेच खरवडून त्याचे नमुने पाहिले जातात. नायट्याची शंका असल्यास केसांचा नमुना बुरशीच्या वाढीसाठी ठेवला जातो. दंडाकार जिवाणू दिसल्यास किंवा संसर्ग वारंवार होत असल्यास कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची चाचणी करून घेणे श्रेयस्कर ठरते.

याहून महत्त्वाची पायरी म्हणजे ऑटोस्कोपने कानाचा पडदा पाहणे. जुनाट संसर्गात हा पडदा फाटलेला असू शकतो. तसे असल्यास वरून घातलेले औषध थेट मध्यकर्णात आणि तेथून अंतःकर्णापर्यंत पोहोचते. जेंटामायसिन व निओमायसिन ज्या गटात मोडतात ती प्रतिजैविके, तसेच क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक अंतःकर्णातील नाजूक पेशींना इजा करू शकतात. म्हणूनच अशा अनेक औषधांच्या वेष्टनावर पडदा शाबूत नसल्यास वापरू नये, अशी सूचना छापलेली असते. घरी बसून पडदा दिसत नाही. त्यामुळे मागच्या वर्षीची कुपी परस्पर वापरणे हा डोळे झाकून केलेला प्रयोग ठरतो.

कुत्र्याची मान एका बाजूस कलली असेल, चालताना तोल जात असेल, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलत असतील किंवा कानाला हात लावताच तो किंचाळत असेल, तर घरातील कोणतेही औषध न घालता त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे नेणे आवश्यक आहे.

माणसाची त्वचा आणि प्राण्याची त्वचा

माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असतो, कुत्र्याचा त्या मानाने उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी. कुत्र्याच्या बाह्यत्वचेत पेशींचे थरही माणसापेक्षा कमी असतात. त्यामुळे माणसांचा शाम्पू आणि साबण त्याची त्वचा कोरडी करतात, तर माणसांसाठीचे तीव्र मलम अपेक्षेपेक्षा अधिक शोषले जाऊ शकते.

सर्वांत मोठा फरक मात्र वर्तनाचा आहे. माणूस मलम लावून विसरतो, प्राणी ते चाटतो. त्वचेवरचे औषध काही क्षणांत पोटात जाते. त्वचेच्या कर्करोगावर व कर्करोगपूर्व चट्ट्यांवर माणसे वापरत असलेल्या फ्लुरोयुरॅसिल मलमाची नळी चावल्याने पाच कुत्रे दगावल्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली इशारा दिला होता. त्याआधी २०१५ साली, मालकाने स्वतःच्या दुखऱ्या सांध्यांना लावलेल्या फ्लरबिप्रोफेनयुक्त मलमाच्या संपर्काने मांजरे आजारी पडल्याच्या व दगावल्याच्या घटनांवरून याच संस्थेने सावध केले होते. सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रायॉल आणि केस वाढवण्यासाठी वापरले जाणारे मिनॉक्सिडिल हीदेखील घरातील प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवण्याची औषधे आहेत.

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे

मांजराच्या यकृतात काही रसायनांचे विघटन करणारी यंत्रणा दुबळी असते. परमेथ्रिन हे त्याचे सर्वांत धोकादायक उदाहरण होय. गोचीड व पिसवांसाठी कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत ते मोठ्या प्रमाणात असते आणि कुत्र्याला ते सोसते. तेच मांजरावर टाकल्यास थरथर, झटके आणि मृत्यू ओढवू शकतो. माणसांच्या खरजेवर दिल्या जाणाऱ्या मलमातही परमेथ्रिन असते. घरात सर्वांना खरूज झाली म्हणून मांजरालाही तेच मलम चोळणे जीवघेणे ठरू शकते. खरजेवरील बेंझिल बेंझोएट, फिनाइल आणि टी-ट्री तेल हेही मांजरासाठी विषारी आहेत.

मांजराला चुकून असे औषध लागल्यास ते चाटणार नाही याची काळजी घ्यावी, कोमट पाणी व भांडी धुण्याच्या सौम्य द्रवाने अंग धुवावे आणि वेष्टन बरोबर घेऊन तातडीने दवाखाना गाठावा. झटके सुरू झाले असल्यास धुण्यात वेळ दवडू नये.

घरगुती उपायांचा धोका

कोलकात्यातील वस्त्यांमध्ये लूत लागलेल्या कुत्र्याच्या अंगावर ‘पोडा मोबिल’, म्हणजे गाडीचे वापरलेले काळे तेल, ओतण्याची रीत जुनी आहे. महाराष्ट्रातही गॅरेजमधील काळे ऑइल किंवा रॉकेल याच हेतूने वापरले जाते. वापरलेल्या तेलात जड धातू व इतर विषारी द्रव्ये असतात. ती त्वचेतून आणि चाटण्यातून शरीरात जातात. रॉकेल त्वचा भाजते आणि चाटताना श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसाला सूज आणते. हे करणाऱ्यांच्या मनात बहुधा दयाच असते. मात्र लुतीवर आज सुरक्षित आणि सोपे उपचार उपलब्ध आहेत. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने खाऊ घालायची फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरसारखी गोळी अनेकदा पुरेशी ठरते. रस्त्यावरील कुत्र्याला अन्नातून औषध देणे हे त्याला धरून अंगभर मलम चोळण्यापेक्षा माणसासाठीही कमी जोखमीचे आहे. अनोळखी प्राण्याने चावा घेतल्यास जखम साबण-पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन रेबीजची लस तातडीने घ्यावी.

कानात खोबरेल तेल, हळद किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड घालण्याचेही टाळावे. तेलाने मळ चिकटतो, पेरॉक्साइडने सुजलेली नलिका अधिक दुखावते.

औषध लावण्याची योग्य रीत

निदान झाल्यावर औषध नीट लावले गेले नाही, तर योग्य औषधही अपयशी ठरते. पशुवैद्यक साधारणपणे पुढील पद्धत सुचवतात.

कानासाठी : कुपी काही वेळ हातात धरून कोमट करावी. पशुवैद्यकांनी कान स्वच्छ करणारा द्रव दिला असल्यास तो आधी घालून, कानाच्या मुळाशी हलके चोळून, कुत्र्याला मान झटकू द्यावी आणि बाहेर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने टिपावा. पाच-दहा मिनिटांनी कानाची पाळी वर उचलून सांगितलेले थेंब घालावेत आणि मुळाशी अर्धा मिनिट चोळावे. आत द्रव हलल्याचा आवाज येणे हे औषध खोलवर पोहोचल्याचे लक्षण आहे. कान कोरण्याची काडी आत घालू नये. तिने मळ अधिक आत ढकलला जातो. एका कानाला लागलेले कुपीचे टोक न पुसता दुसऱ्या कानाला लावू नये.

शाम्पूसाठी : क्लोरहेक्सिडीन किंवा मायकोनाझोलयुक्त शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहू देणे आवश्यक असते. लावून लगेच धुतल्यास उपयोग होत नाही. घड्याळ लावून मोजावे आणि नंतर त्वचा पूर्ण कोरडी करावी, विशेषतः बोटांच्या बेचक्या.

मलमासाठी : लांब केस कापून पातळ थर द्यावा. औषध शोषले जाईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे प्राण्याला फिरवावे, खाऊ घालावे किंवा गळ्यात संरक्षक कॉलर बांधावी. त्वचेचे मलम डोळ्यांना कधीही लावू नये. डोळ्याला जखम असल्यास स्टिरॉइडमुळे ती चिघळू शकते.

दर्प गेला, खाज थांबली म्हणून चौथ्या दिवशी औषध बंद करणे ही नेहमीची चूक आहे. कानाचा उपचार एक ते चार आठवडे चालू शकतो आणि तो संपवावा की नाही हे पुन्हा काचपट्टी पाहूनच ठरते. अर्धवट उपचारांतून वाचलेले जिवाणू औषधाला दाद न देणारे बनतात. कुत्र्यांच्या त्वचेवर आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूंचे असे प्रकार जगभर आढळले असून, त्यांच्यावर उपायाचे पर्याय मोजकेच उरतात.

घरातील माणसांचा प्रश्न

हा विषय केवळ प्राण्यांपुरता नाही. मांजराच्या पिलांमध्ये आढळणारा ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’चा नायटा मुलांना सहज होतो. लुतीचे काही माइट माणसाच्या हाता-पोटावर खाज आणतात. मांजराला चुकीचे मलम लावून चट्टा झाकला, तर ते मूल त्याला कुशीत घेऊन झोपत राहते. घरात एकाच वेळी प्राण्याला आणि माणसाला खाज सुटली असेल, तर ही बाब पशुवैद्यक आणि त्वचारोगतज्ज्ञ या दोघांनाही सांगावी.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कान उघडून पाहणे, आंघोळीनंतर ते कोरडे करणे आणि नाकाने दर्प ओळखणे ही सवय बहुतेक विकार आरंभीच पकडते. दवाखान्यात जाताना घरी लावलेल्या प्रत्येक औषधाची नळी किंवा कुपी बरोबर न्यावी, ते माणसाचे असले तरी संकोच करू नये. आधी काय लावले होते हे कळल्याशिवाय काचपट्टीवर दिसणाऱ्या चित्राचा अर्थ लावणे पशुवैद्यकांना कठीण जाते. शक्य असल्यास तपासणीपूर्वी कान धुऊ नये. आतील मळ हाच निदानाचा पुरावा असतो.